पुण्याला न जाता रामनगर

अगं,

तुला नावाने हाक मारायची सवय मला कधी लागली नाही. लोकांसमोर तर नाहीच, घरातही नाही. परवा कागदावर 'शैला' असं लिहून बघितलं, तर ती कुणी दुसरीच बाई वाटली. तेव्हा हेच बरं.

मेश्रामांनी मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर दोन पानं मागितली. जन्म, शिक्षण, लायब्ररीतली नोकरी, गणपतीत तू बसवलेली मुलांची नाटकं, असं. मी बसलो आणि पहिलं वाक्य लिहिलं की शैला सबनीस यांचा जन्म रामनगर येथे झाला. पुढे पेन हलेना. कारण आपल्या शिकागोच्या मंडळात हे वाक्य वाचून पहिला प्रश्न काय येणार ते मला पाठ आहे. कुठलं रामनगर? डोंबिवलीचं का?

इतकी वर्षं तू त्या प्रश्नाला न चिडता उत्तर देत आलीस. डोंबिवलीचं नाही, वर्ध्याचं नाही, नागपूरचंही नाही. हिमालयाच्या पायथ्याचं. जिथे रेल्वेचे रूळ संपतात आणि डोंगर सुरू होतात. वाघांच्या पार्कात जायचं तर ज्या गावातून परवाना घेऊन आत जावं लागतं, ते. मग पार्टीतला कुणी विचारायचा, वाघ पाहिलात का वहिनी? तू म्हणायचीस, आम्ही गावात राहायचो, वाघ जंगलात राहायचा, कुणी कुणाकडे जात नव्हतं. सगळे हसायचे, विषय संपायचा, कुणीतरी पुन्हा प्लेटमध्ये भात वाढून घ्यायचा. मीही हसायचो. विषय संपावा म्हणूनच तू ते म्हणत होतीस, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. त्यांच्यासमोर तुला ते गाव काढायचं नव्हतं. माझ्यासमोर काढायचं होतं, आणि माझ्याजवळ तेव्हा वेळ नसायचा.

तुझे वडील चांद्याकडच्या एका लाकडाच्या ठेकेदाराचे माणूस. ठेकेदाराने तिकडच्या सालाच्या जंगलाचं काम घेतलं आणि डेपो सांभाळायला त्यांना रामनगरला धाडलं. सगळ्या गावात तुमचं एकच मराठी घर. तू घरात मराठी बोलायचीस, दाराबाहेर हिंदी आणि भांडताना पहाडी. वडील गेले तेव्हा तू सोळा वर्षांची होतीस. मामांनी येऊन तुला आणि तुझ्या आईला पुण्याला आणलं. मागे रामनगरात तुमचं म्हणावं असं कुणी राहिलं नाही. हे 'कुणी राहिलं नाही' पुढे आपल्याला फार महागात पडणार होतं.

तू सांगायचीस की थंडी पडली की वरच्या डोंगरांतली माणसं पोरंबाळं, गाईगुरं घेऊन खाली येतात. कशाला, तर ऊन खायला. नदीकाठी गवताच्या झोपड्या घालतात, दिवसभर उन्हात पाठ करून बसतात आणि होळी झाली की पुन्हा वर जातात. आपल्या इथल्या पहिल्या हिवाळ्यात अपार्टमेंटला दक्षिणेची एकच खिडकी होती. दुपारी तिच्यातून जमिनीवर चटईएवढं ऊन पडायचं. मी काउंटीच्या ऑफिसातून फोन करून विचारायचो, काय करतेयस? तू म्हणायचीस, डोंगरावरून खाली उतरलेय. मला वाटायचं, बाई मजेत आहे. मजेत होतीसही. पण त्या उन्हात तू एकटीच उतरलेली होतीस आणि तुझ्या भाषेत भांडायला आसपास कोणी नव्हतं, एवढं मला त्या वयात सुचलं नाही.

रविवारी आपण फॉरेस्ट प्रिझर्व्हला जायचो. मला वाटायचं, हिला झाडं आवडतात, हिला झाडं दाखवू. तू बाकावर बसून डबा उघडायचीस आणि म्हणायचीस, झाडं आहेत, पण जंगल नाही. एकदा हरणांचा कळप अगदी आपल्या गाडीपर्यंत आला. आपली अंजू तेव्हा लहान, ती टाळ्या पिटायला लागली. तू त्यांच्याकडे बघत राहिलीस आणि हळूच म्हणालीस, कुणाला घाबरतच नाहीत बिचारी, गाईच करून टाकल्यात यांच्या. त्यावर आपलं भांडण झालं होतं, आठवतं? मी म्हटलं होतं, तुला इथलं काहीच चांगलं म्हणायचं नसतं. तू म्हटलं होतंस, मी हरणांबद्दल बोलतेय. ते भांडण तिथेच राहिलं. तू खरंच फक्त हरणांबद्दल बोलत होतीस का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता इंडिया ट्रिपबद्दल. ते टाळून हे पान पुरं होणार नाही.

आपल्याकडची ट्रिप कशी असते ते इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. तीन-चार वर्षांतून एकदा, महिनाभर. बॅगा निम्म्या आपल्या आणि निम्म्या दुसऱ्यांच्या. कुणाच्या आईच्या व्हिटॅमिनच्या गोळ्या, कुणाच्या भाच्याचा कॅल्क्युलेटर, मेश्रामांच्या वडिलांसाठी रक्तदाब मोजायचं यंत्र. मुंबईला उतरायचं, तिथून टॅक्सीने पुण्याला घरी. मग ताईकडे नाशिकला, मोठ्या काकांकडे साताऱ्याला, तुझ्या मामांकडे सदाशिव पेठेत. प्रत्येक घरी जेवण, प्रत्येक जेवणात श्रीखंड. एक घर राहिलं तर पुढची दहा वर्षं ऐकून घ्यावं लागतं. अशा ट्रिपमध्ये ज्या गावात आपला एकही नातेवाईक नाही त्या गावाला जागा कुठून मिळणार?

तरी दर वेळी ते शेवटच्या आठवड्यात धरलेलं असायचं. तू एक निळा स्वेटर त्यासाठी बॅगेच्या तळाशी घालायचीस. पुण्याला डिसेंबरातही त्याची गरज नसते, तो तिकडच्या पहाटेसाठी होता. पहिल्या ट्रिपला माझ्या आतेभावाचं लग्न मध्ये आलं. दुसऱ्या वेळी माझे वडील नुकतेच गेले होते. तिसऱ्या वेळी अंजूचं पोट बिघडलं आणि मी म्हटलं, आता हिला घेऊन कुठे रानात जायचं? सगळी कारणं खरी होती. त्यातलं एकही मी बनवलेलं नव्हतं. फक्त एवढंच, की कारण आलं की मला हायसं वाटायचं. इकडे परत येऊन तू बॅग रिकामी करायचीस आणि तो स्वेटर घडीही न मोडता कपाटात जायचा.  

तू कधी विषय काढलास तर माझं एक ठरलेलं वाक्य होतं. तिथे आता आपलं कोण आहे? हे वाक्य मी माझं म्हणून क्वचितच बोललो. मी म्हणायचो, आई विचारेल ना, तिथे आता आपलं कोण आहे. पुण्यातली माझी आई. तिने हे एकदाही विचारलं नव्हतं. मी तिच्या वतीने विचारत होतो.

आणि ते धरणाचं. तिकडे मोठं धरण झालं, पार्कातलं गवताचं रान पाण्याखाली गेलं, असं तू लायब्ररीतल्या कुठल्याशा मासिकात वाचून आलीस. दोन दिवस घरात नुसती वावरत होतीस. मला वाटलं, आता बरं झालं, प्रश्न मिटला. मी तुला म्हटलं, मग आता तिथे जाऊन काय बघणार? तू भांडी पुसत होतीस. म्हणालीस, पाणी बघेन.

मागच्या वर्षी उन्हाळा संपताना डॉक्टरबाईंनी आपल्या दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं. इथे तशीच पद्धत, पेशंटपासून काही लपवत नाहीत. पुण्याला असतो तर मला बाहेर बोलावलं असतं आणि मी आत येऊन तुला सांगितलं असतं की काही विशेष नाही. त्या मात्र तुझ्याकडे बघून बोलत होत्या. औषधाने काही महिने जातील. पुढचे दोन-तीन बरे जातील. कुठे जाऊन यायचं मनात असेल तर ते आता. तू मान हलवलीस, जणू त्या लायब्ररीच्या नव्या वेळा सांगत होत्या.

मग आपण पार्किंगमध्ये येऊन गाडीत बसलो. मी किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही.

तू म्हणालीस, "नोव्हेंबरात पार्क उघडतं. पावसाळ्यानंतर."

मी पार्किंगचं तिकीट शोधायला लागलो.

"दिल्लीला उतरायचं. तिथून गाडी करून रामनगर. पाच-सहा दिवस राहायचं आणि परत. कुणाला काही सांगायचं नाही."

"पुण्याला न जाता?"

"न जाता."

"असं कसं जमेल? इंडियात जायचं आणि घरी जायचं नाही? आईला कळलं तर?"

तू हसलीस. खरंच हसलीस, मनापासून, खोकला येईपर्यंत. म्हणालीस, "कळलं तर काय करतील हो? मला रागावतील?"

मी गाडी सुरू केली.

घरी आल्यावर मी नेहमीसारखा प्लॅन काढला. मुंबईला उतरू, दहा दिवस पुण्याला राहू, सगळ्यांची भेट होईल, तू जरा विश्रांती घे, आणि मग दिल्लीमार्गे रामनगर करून तिथूनच परत. तू शांतपणे ऐकून घेतलंस. मग म्हणालीस की पुण्याला मी पोहोचले की सगळे भेटायला येणार. माझ्या उशाशी रांग लागणार. प्रत्येकाला चहा, प्रत्येकजण रडणार, प्रत्येकाला मी धीर देणार. दहाव्या दिवशी तुम्हीच म्हणाल, एवढ्या दगदगीनंतर हिला आता कुठे नेऊ. मी म्हटलं, नाही म्हणणार. तू म्हणालीस, म्हणाल. आणि तुझं बरोबर होतं, हे त्या क्षणीही मला ठाऊक होतं. शेवटी तू एवढंच म्हणालीस, विचार करा.

मी विचार करत राहिलो. विचार करणं मला चांगलं जमतं. ऑफिसात माझी तीच ख्याती आहे, एक पूल बांधायचा तर मी दोन वर्षं विचार करतो.

पुण्याला तर मी तुझ्या आजाराचं कळवलंही नव्हतं. आईला पत्रात लिहिलं होतं, शैलाला जरा अशक्तपणा आहे. म्हणजे पुण्याला जायचं तर सगळं उघड करायचं, न जायचं तर लपूनछपून देशात शिरायचं. दोन्हीची मला लाज वाटत होती. तुझ्या मरणाची नाही, लोक काय म्हणतील त्याची. हे एकदा लिहून टाकतो.

ऑक्टोबरात एका शनिवारी मेश्राम वरणाचा डबा घेऊन आले. डेव्हनवरच्या देशी दुकानातून तुझ्यासाठी नारळपाण्याचे कॅनही आणले होते. तू झोपली होतीस. तू त्यांना बोलली होतीस हे मला तेव्हा कळलं. ते स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच म्हणाले, "साहेब, वहिनी म्हणून राहिल्या तर जाऊन या ना. दिल्लीला माझा साळा आहे, तो जीप करून देईन. पुण्याला सांगायला कोण चाललं? मी तर नाही सांगत."

मी म्हटलं, बघतो.

"बघतो म्हणजे नाही," मेश्राम म्हणाले, "इतकं पुणेरी मलाही समजते." आणि डबा ओट्यावर ठेवून गेले. त्यांचा राग मला कळला. तो माणूस माझ्यावर कधी रागावला नव्हता.

खरं काय होतं ते आता सांगतो. तुला ते माहीत असेल, तरी माझ्या तोंडून तू ते ऐकलेलं नाहीस.

आई हे कारण नव्हतंच. मला भीती वाटत होती. तुला तिथे काही झालं असतं तर माझ्या मोडक्या हिंदीत मी कुणाला हाक मारली असती? डॉक्टर कुठे, सरणाची लाकडं कुठे, मी काय केलं असतं? पण हेही अर्धंच झालं. तू रामनगरबद्दल बोलायला लागलीस की तुझा आवाज बदलायचा. थोडा वरच्या पट्टीत जायचा, शब्द पटपट यायचे, मध्येच तिकडचा एखादा शब्द यायचा आणि तो तू मला समजावून सांगायची नाहीस. त्या सोळा वर्षांत मी कुठेच नव्हतो. पुण्यात मी तुझा नवरा होतो, इथे तर सगळं आपण दोघांनीच उभं केलं. तिथे मी कोण? बॅगा धरून मागे उभा राहिलेला माणूस. तुझ्याजवळ थोडे दिवस उरले होते, ते माझ्याबरोबर घालवण्याऐवजी तू मी नसलेल्या वर्षांकडे निघाली होतीस, आणि मला ते सहन झालं नाही. हेवा म्हणतात याला. एका गावाचा हेवा. पन्नाशी उलटलेल्या, डोक्यावरचे केस गेलेल्या माणसाने एका गावाचा हेवा करावा, हे मी कुणाला सांगणार होतो? म्हणून आईचं नाव पुढे केलं.

आणि तू तर मला बरोबर चला म्हणाली होतीस. 'जाऊन येते' म्हणाली नव्हतीस. दिल्लीला उतरायचं, गाडी करायची, राहायचं, या सगळ्यात आपण दोघं होतो. पार्किंगमधलं ते बोलणं मी शंभरदा मनात आणलं तेव्हा हे माझ्या ध्यानात आलं. तू मला तुझं गाव दाखवायला नेत होतीस.

नोव्हेंबरच्या शेवटी, थँक्सगिव्हिंगला, अंजू क्युपर्टिनोहून आली. तोवर तुला जिना चढवेनासा झाला होता. आपण तुझी खाट खाली हॉलमध्ये आणली. मी एकदाच, तुझ्या पायांना तेल चोळताना, म्हटलं, की फेब्रुवारीत हवा बरी असेल ना गं तिकडे? तू म्हणालीस, फेब्रुवारीत सेमल फुलते. लाल. मी विचारलं, सेमल म्हणजे काय? सावर, म्हणालीस. पहिल्यांदाच तू एक शब्द मला मराठीत करून दिलास. तू त्या वेळी म्हणू शकली असतीस की आता फेब्रुवारीचं कशाला काढता. ते म्हणाली नाहीस. ते उपकार मी मोजत बसणार नाही, पण विसरणारही नाही.

फेब्रुवारीतच गेलीस. बाहेर बर्फ होतं. त्या दिवसाबद्दल मला लिहायचं नाही.

पुण्याला आधी धाकट्या भावाला कळवलं. आईशी बोलायचं धाडस मला महिनाभर झालं नाही. मग एका सकाळी लावला फोन. तुला माहीत आहे तो इंडियाचा फोन, आपलंच वाक्य आपल्याला परत ऐकू येतं. मी सगळं सांगितलं. आजार केव्हा कळला ते, अशक्तपणा म्हणून लिहिलं ते, आणि का कोण जाणे, रामनगरचंही सांगितलं. तू काय म्हणाली होतीस, मी काय म्हणालो होतो. 

आई म्हणाली, "मग नाही नेलंस?"

"नाही. म्हटलं, तुला कळलं तर तुला काय वाटेल."

"म्हणजे माझं नाव पुढे केलंस होय रे."



मग ती बोलत राहिली. म्हणाली, माझी आई गेल्यावर मी आंजर्ल्याला कधी गेले का? तू पाहिलंस मला कधी जाताना? मला एकदा आमची विहीर बघायची होती, बाकी काही नाही. तुझे वडील म्हणायचे, आता तिथे तुझं कोण आहे. त्यांना वाटायचं, माहेर म्हणजे माणसं. "बाईला कुणी नसलं तरी गाव लागतं रे," आई म्हणाली. "ते तू मला विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं. तू विचारलं कुठे? स्वतःच उत्तर देऊन मोकळा झालास."

फोन ठेवायच्या आधी तिने विचारलं, अस्थींचं काय केलंस? मी म्हटलं, अजून इथेच आहेत, देवाच्या कपाटात. नाशिकला आणीन म्हणतो, ताई सगळी व्यवस्था करतेय. आई म्हणाली, ताईला मी सांगते काय सांगायचं ते. तू आधी तिकडे जा. तिच्या नदीत सोड. मग इकडे ये. आणि नाही आलास तरी चालेल, मी काही कुठे पळून जात नाही.

ज्या बाईला घाबरून मी तुला नेलं नाही, ती ही बाई. ऐंशीच्या पुढची, एका विहिरीसाठी इतकी वर्षं गप्प राहिलेली. तुम्ही दोघी एकाच घरात महिना महिना राहायचात. स्वयंपाकघरात काहीबाही बोलायचात आणि मी आलो की थांबायचात. आता वाटतं, तिला बहुतेक ते सगळं तुझ्याकडून आधीच माहीत होतं. मी विचारलं नाही. विचारीन.

तिकिटं काढली आहेत. नोव्हेंबर, दिल्ली. मुंबई नाही. दुसऱ्या कुणाची बॅग घेतलेली नाही, मंडळात सगळ्यांना सांगून टाकलंय. लोकांना जरा लागलं. मेश्रामांनी मात्र साळ्याचा दिल्लीचा नंबर माझ्या हातात ठेवला आणि विचारलं, वरण कसं झालं होतं त्या दिवशी. मी म्हटलं, चांगलं झालं होतं. आता आमचं पुन्हा बरं आहे.

अंजू येणार म्हणते. मी म्हटलं, तुला रजा मिळणार नाही. ती म्हणाली, "आय ऑलरेडी टोल्ड देम, बाबा." तुझी मुलगी आहे, आधी ठरवते आणि मग विचारते. तुझं मात्र कधी ठरवलेलं होऊ दिलं नाही मी.

परवा ती चार दिवसांसाठी इथे आली होती. सकाळी मी टेबलाशी चहा घेत बसलो होतो, ती सिंकशी कप विसळत होती. मला एकदम काळजी वाटायला लागली की तिथे उतरल्यावर जायचं कुठे. पार्कात जाणारे लोक स्टेशनावरून सरळ परवान्याच्या ऑफिसकडे जातात, तुमचं घर त्यांच्या वाटेवर नाही. मी आठवायला लागलो, तू काय काय सांगायचीस. स्टेशनातून बाहेर आलं की टांगे. मग लाकडांच्या डेपोंची रांग, तिथे ओल्या सालाचा वास येतो. मग कालवा आणि त्याच्यावर पूल. एवढं मला आलं. पूल ओलांडायचा की नाही, ते येईना. तू सांगत होतीस तेव्हा मी बहुधा गाडी चालवत होतो, किंवा बातम्या लागल्या होत्या. मी स्वतःशीच मोठ्याने म्हणालो, पूल ओलांडायचा का?

अंजूने मागे वळूनही बघितलं नाही. म्हणाली, "नाही ओलांडायचा. पुलाच्या आधीच लेफ्ट. मग लिचीच्या बागेची वॉल येते, तिला हात लावून चालायचं, कारण तिथे लाइट नाही. एव्हरीबडी नोज दॅट, बाबा."

मी विचारलं, तुला कुणी सांगितलं?

"आई मला रोज न्यायची. बेडटाइमला. स्टेशनपासून घरापर्यंत."

आणि मग?

तिने नळ बंद केला. "मग मला माहीत नाही. वॉल खूप लांब होती. मी घर यायच्या आधीच झोपायचे."

तेव्हा भिंत संपेपर्यंतचा रस्ता आम्हाला माहीत आहे. तिथून पुढे कुणाला तरी विचारू. विचारायला मीच पुढे होईन, येईल तशा हिंदीत.